थिरथिरा दाणे खात नाही

दसरा उलटला की भोपाळात पहाटेचा पंखा नकोसा होतो. याच सुमारास अरेरा कॉलनीतल्या बंगल्यांच्या कुंपणभिंतींवर, शिवाजीनगरच्या जुन्या सरकारी क्वार्टरांच्या परसात, भेल कारखान्याच्या पिपलानी-बरखेडा वसाहतींकडे एक चिमणीएवढा पक्षी दिसू लागतो. नराची पाठ आणि छाती काळपट, पोट विटकरी, मादी मातकट. दोघांचीही शेपटी तांबूस, आणि ती घटकाभरही स्वस्थ नसते. भिंतीवर बसायचे, शेपटी थरथरवायची, दोनदा खाली वाकायचे, टुपकन जमिनीवर उतरून काहीतरी टिपायचे आणि पुन्हा भिंत गाठायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. हा थिरथिरा. उन्हाळ्यात तो हिमालयाच्या वरच्या अंगाला, तिबेटच्या पठारावर आणि मध्य आशियातल्या डोंगरांत घरटी करतो. साधारण ऑक्टोबर ते मार्च तो आपल्याकडे काढतो.

आता त्याच परसातल्या पेरूच्या फांदीला टांगलेला फीडर पाहा. हल्ली तो ऑनलाइन सहज मिळतो. त्यात बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी भरलेली. भोवती चिमण्या, होले आणि पारवे. खाली सांडलेले टिपायला साळुंक्या आणि खारी. थिरथिरा तिथून चार हातांवर बसलेला असतो, पण फीडरकडे ढुंकूनही पाहत नाही. हिवाळ्यात भोपाळच्या बागांत येणारे बहुतेक परगावचे पक्षी असेच वागतात. मग तक्रार ऐकू येते, की इतके दाणे ठेवूनही आमच्याकडे बाहेरचे पक्षी येत नाहीत, ते सगळे मोठ्या तलावावरच जातात. प्रत्यक्षात ते आलेले असतात. त्यांचा खुराक झाडापानांत आणि मातीत असतो, आणि तो आपण बहुधा झाडून, जाळून किंवा फवारून टाकलेला असतो.

भुकेचा प्रवास

अंगावर पिसांचे पांघरूण असलेल्या पक्ष्याला नुसती थंडी सहसा मारत नाही, भूक मारते. उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशांत आणि हिमालयातल्या उंच झुडपांत उन्हाळ्यात किड्यांचा सुकाळ असतो. दिवस लांब, त्यामुळे पिल्लांना भरवायला वेळही भरपूर. सप्टेंबर सरता सरता तिथले किडे, अळ्या, कोळी दिसेनासे होतात. दाणे आणि बिया खाणाऱ्यांपैकी काही जण बर्फातही तग धरतात. किड्यांवर जगणाऱ्यांना मात्र मुक्काम हलवावाच लागतो.

निघायची वेळ पक्ष्याला दिवसाच्या लांबीवरून कळते. उजेडाचे तास कमी होऊ लागले की शरीरातली संप्रेरके बदलतात, खाणे वाढते, कातडीखाली चरबीचा साठा होतो. लहान पक्षी बहुतेक रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी असते, आणि पोट भरायला दिवस मोकळा राहतो. दिशा धरायला तारे, मावळतीचा प्रकाश आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उपयोगी पडते. त्याच वर्षी अंड्यातून निघालेली या छोट्या पक्ष्यांची पिल्ले आईबापांच्या सोबतीशिवायही निघतात. कोणत्या दिशेने आणि साधारण किती दिवस उडायचे, हे त्यांना वारशाने मिळालेले असते.

भोपाळ हे या वाटेवरचे सोयीचे ठाणे आहे. माळव्याच्या पठाराच्या कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर ते वसले आहे. विदिशेच्या रस्त्याने निघालात की कर्कवृत्ताची पाटी लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, पण दुपारी ऊन चांगले तापते. अशा हवेत माश्या, डास, मावा, मुंग्या, कोळी आणि पतंगांच्या अळ्या हिवाळाभर हाताशी असतात. भोवती गहू-हरभऱ्याची शिवारे, आणि शहराच्या मधोमध पाणी.

त्या पाण्याची कीर्ती मोठी आहे. अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव आणि त्याच्या खालचा छोटा तलाव मिळून भोज पाणथळ क्षेत्र होते. ऑगस्ट २००२ मध्ये ३,२०१ हेक्टरांचे हे क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत आले. काठावरच्या वनविहारला १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तलवार बदके, थापटे, चक्रवाक, वारकरी असे पाणपक्षी इथे हिवाळ्यात येतात. मध्य भारतातल्या तलावांवर उतरणाऱ्या पट्टकादंबांची तर गोष्टच वेगळी. या हंसांना जीपीएस यंत्रे लावून केलेल्या अभ्यासात हिमालय ओलांडताना त्यांची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली. मोठ्या तलावाकडे यंत्रणांचेही लक्ष असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितले. कॅमेरे घेऊन जाणारी मंडळीही साहजिकच तिकडेच वळतात. परसातल्या पाहुण्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

परसातली हजेरी

गणपतीच्या आगेमागे पहिला येतो करडा धोबी. पोट पिवळे, पाठ राखी, शेपटी लांबलचक. नाल्याकाठी, गळक्या नळाशी, गच्चीवरच्या टाकीजवळ तो शेपटी खालीवर हलवत धावत असतो. त्याच्या मागून पांढरे धोबी येतात आणि शाळांची मैदाने, एकांत पार्कसारख्या बागांची हिरवळ व्यापतात. धोबी उडी मारत चालत नाही. एकेक पाय टाकत भरभर पळतो आणि मधेच हवेत झेप घेऊन डास किंवा माशी पकडतो.

पर्णवटवट्या दिसण्याआधी ऐकू येतो. आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या दाट पानोळ्यातून दर थोड्या वेळाने ‘चिस्‌-वीट’ असा टोकदार आवाज आला, की समजावे तो आला. हा हिरवट पक्षी सात-आठ ग्रॅमचा, म्हणजे खिशातल्या दहा रुपयांच्या नाण्याइतक्या वजनाचा. डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर पुसटशी पांढरी रेघ. दुर्बीण लावून पाहिले तर त्याची कामाची पद्धत लक्षात येते. तो एक फांदी धरतो आणि बुडाकडून टोकाकडे सरकत जातो. प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला मान वाकडी करून पाहतो. पान लांब असेल तर क्षणभर हवेत तरंगून खालून टिपतो, आणि पुढच्या पानाकडे वळतो. मावा, तुडतुडे, बारीक अळ्या, कोळ्यांची अंडी असा माल तो वेचत असतो. मालकाने फवारणीवर पैसे खर्चून जे केले असते, त्यातले बरेचसे हा पाहुणा फुकटात करून जातो.

मधुसूदन कट्टी आणि ट्रेव्हर प्राइस या शास्त्रज्ञांनी तामिळनाडूत मुंडनथुराईच्या जंगलात याच हिरवट पर्णवटवट्यांचा हिवाळी मुक्काम अभ्यासला. हिवाळ्यातही हे पक्षी एकेकटे आपापला इलाखा धरून बसतात आणि त्यात दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. तो टोकदार आवाज म्हणजे हद्दीचा इशारा. पाऊस किती पडला, त्यावर पानांतले किडे किती आणि त्यावर या पक्ष्यांचे कसे चालते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. थिरथिराही तसाच, एक अंगण धरले की हिवाळाभर तिथेच. पायात कड्या घालून केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे, की असे अनेक छोटे पक्षी पुढच्या वर्षी हजारो किलोमीटर उडून त्याच जागी परततात. म्हणजे तुमच्या भिंतीवरचा थिरथिरा गेल्या साली आलेलाच असू शकतो.

लाल छातीचा माशीमार झाडाच्या खालच्या सावलीतल्या फांद्या पसंत करतो. शेपटी वर उचलून धरतो, तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे दिसतात, आणि ‘ट्र्रर्र’ असा खुळखुळ्यासारखा आवाज करतो. छातीचा नारिंगी रंग फक्त प्रौढ नराला असतो, म्हणून पुष्कळदा तो ओळखूच येत नाही. त्याचा थोरला नातलग नीलांग हिमालयातून उतरतो. निळ्या-हिरव्या रंगाचा हा पक्षी उंच काटकीवर उघड्यावर बसतो आणि उडत्या किड्यांवर झेपावतो. बाभळींतून शुभ्रकंठी फिरते. तलावाकडच्या मोकळ्या जागी कुंपणाच्या तारेवर गप्पीदास बसलेला असतो.

यातला एकही पक्षी बाजरी खात नाही. दाणे खाणारे पाहुणे येत नाहीत असे नव्हे. काळ्या डोक्याचे भारीट थव्यांनी येतात, पण त्यांना शिवारे हवीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतली वाटी त्यांच्या हिशेबात नसते.

अमेरिकेतला पाक, इंग्लंडमधला दाणा

फीडरची कल्पना जिथून आपल्याकडे आली, तिथली गोष्ट निराळी आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात राहणारी मराठी कुटुंबे एप्रिल उजाडला की परसात लाल रंगाचा फीडर टांगतात. त्यात चार भाग पाणी आणि एक भाग साखर. त्यावर येतो रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड, वजन अवघे तीनेक ग्रॅम. यांतले अनेक जण मेक्सिकोचे आखात एका दमात ओलांडून आलेले असतात. फुले पुरती फुलायच्या आत आलेल्या या भुकेल्या पाहुण्याला साखरेचा पाक आधार देतो. भोपाळात असा पाक ठेवून काही साधत नाही. आपल्याकडे फुलांवर येणारा जांभळा शिंजीर बारमाही रहिवासी आहे, त्याच्यासाठी जास्वंद आणि अडुळसा पुरतो. आणि आपल्या उन्हात पाक लवकर आंबतो.

युरोपातल्या फीडरने तर एका पक्ष्याची वाटच बदलली. ब्लॅककॅप हा वटवट्यांच्या कुळातला पक्षी. मध्य युरोपातले ब्लॅककॅप पूर्वी हिवाळ्यात स्पेन-पोर्तुगालकडे जात. १९६० च्या दशकापासून त्यातले काही वायव्येला ब्रिटनकडे जाऊन तिथल्या बागांत हिवाळा काढू लागले. पीटर बर्थोल्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये हिवाळा काढणारे पक्षी जर्मनीत पिंजऱ्यात वाढवले, त्यांची पिल्ले घेतली, आणि १९९२ मध्ये दाखवून दिले की पिल्लेही त्याच नव्या दिशेला उडू पाहतात. काही दशकांत दिशा वारशात उतरली होती. बागांमधल्या नोंदींवर आधारित २०१५ च्या ब्रिटिश अभ्यासात या बदलामागे सौम्य झालेले हिवाळे आणि बागांतले फीडर या दोन्हींचा हात दिसला.

यावरून एवढे कळते, की माणसाने घातलेले अन्न पक्ष्याच्या आयुष्यात फार आतपर्यंत पोचू शकते. पण त्याला अट आहे. बर्फाखाली सगळे गाडले जाते तिथे वाटीभर खाद्याने जगणे-मरणे ठरते. भोपाळच्या हिवाळ्यात किडा, फळ, फूल आणि शेत सगळे चालू असते. इथे वाटी नाही म्हणून कोणी उपाशी मरत नाही. झाड नाही म्हणून मात्र मरू शकतो.

दाण्यांचा हिशेब

मग दाणे ठेवूच नयेत काय? चिमणीसाठी थोडे ठेवायला हरकत नाही, पण हिशेब नीट करावा. उघडे, भरपूर आणि रोजचे धान्य सगळ्यात आधी पारव्यांना बोलावते. पारवे वाढले की विष्ठा वाढते. तिच्या धुळीने काही लोकांना फुप्फुसाचा दीर्घ आजार जडतो. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हेच कारण होते. भोपाळच्या फ्लॅटसंस्कृतीतही आता एसीच्या मागे पारव्यांची घरटी नवलाची राहिलेली नाहीत.

दुसरा धोका रोगाचा. एकाच ताटात अनेकांनी चोच घातली की रोग पसरतात. अमेरिकेत १९९४ च्या सुमारास हाउस फिंच या पक्ष्यांत डोळे सुजवणारी साथ आली आणि फीडरवर एकत्र येणाऱ्या थव्यांतून ती फैलावली. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या घशाच्या एका परजीवी रोगाने झपाट्याने घसरली. म्हणून फीडर आठवड्याला रिकामा करून, घासून, उन्हात वाळवून मगच भरावा. भिजलेले, बुरशी आलेले धान्य तर ठेवूच नये.

तिसरी गोष्ट आपल्या प्रेमाच्या पद्धतीची. गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचवर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांना वेफर्स आणि शेव उडवणारे पर्यटक सर्रास दिसतात. पक्षी झेलतात, मुले टाळ्या पिटतात. मासे आणि जलचरांवर जगणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तेल-मीठ जाते. शिळी पोळी, ब्रेड, फरसाण यांपैकी काहीही पक्ष्यांचे अन्न नाही. तलावाकाठीही आणि गच्चीवरही नाही.

काटेसावर, पळस आणि पाचोळा

भोपाळला फीडर नाहीत असे नाही. ते जमिनीत रुजलेले आहेत. फेब्रुवारीत काटेसावरीची पाने झडून जातात आणि उघड्या फांद्यांवर ओंजळीएवढी, जाड पाकळ्यांची लाल फुले लागतात. सकाळी आठच्या सुमारास अशा झाडाखाली उभे राहावे. फुलांच्या तळाशी पातळ मध साठलेला असतो. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, चष्मेवाले, खारी सगळे त्यावर तुटून पडलेले असतात. आणि मग कलकलाट करत भोरड्यांचा थवा येतो. भोरडी म्हणजे गुलाबी मैना: अंग फिकट गुलाबी, डोके, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर मागे पडणारा तुरा. ती फुलात थेट डोळ्यांपर्यंत तोंड खुपसते. बाहेर काढते तेव्हा कपाळावर परागांची पूड माखलेली असते, आणि ती तशीच पुढच्या फुलावर जाते. थवा उठला की खाली जाड पाकळ्यांचा सडा पडतो. पाठोपाठ पळस आणि पांगारा फुलतात, नंतर तुती पिकते, तोवर भोरड्यांचा परतीचा मुक्काम चालतो.

या भोरड्या दक्षिणपूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत हजारोंच्या वसाहतींनी घरटी करतात आणि टोळ-नाकतोड्यांवर पिल्ले वाढवतात. चीनच्या शिनच्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९८० च्या दशकापासून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग आणि घरट्यांच्या जागा तयार केल्या जातात. तिथे फवारणीऐवजी पक्षी वापरतात. इथे आपण काटेसावर कापून शोभेचे पाम लावतो.

शहरातली मोठी झाडे कुठे टिकली, यालाही इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. कचेऱ्यांबरोबर नागपूरची पुष्कळ मराठी कुटुंबेही इकडे आली. तात्या टोपे नगर, म्हणजेच टी. टी. नगर, शिवाजीनगर, तुलसीनगर, चार इमली अशा वसाहती उभ्या राहिल्या. बैठी घरे, पुढे अंगण, मागे परस. परसात पेरू, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, आणि रस्त्याच्या कडेला कडुलिंब, आंबा, चिंच. सरकारी घर असल्याने बांधकाम वाढले नाही आणि झाडे वाढत राहिली. आज पर्णवटवट्यांचे आवाज जिथे दाट ऐकू येतात, त्या या वसाहती.

२०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी शिवाजीनगरची निवड झाली तेव्हा झाडांच्या मुद्द्यावर नागरिकांनी विरोध केला आणि तो प्रकल्प टी. टी. नगरकडे हलवावा लागला. २०२४ च्या जूनमध्ये तुलसीनगर-शिवाजीनगरात मंत्री-आमदारांच्या निवासांसाठी सुमारे २९ हजार झाडे जाणार, अशी बातमी आली. बाया-बापड्या झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या आणि सरकारने प्रस्ताव मागे घेतला. त्या आंदोलनात सावली, प्राणवायू, तापमान यांवर भरपूर बोलले गेले. हिवाळी पाहुण्यांचे नाव फारसे निघाले नाही. पण ती झाडे गेली असती तर त्यांचाच सगळ्यात मोठा मुक्काम उठला असता.

झाडाखालचा पाचोळाही फीडरच आहे. थिरथिरा आणि धोबी मुंग्या, भुंगेरे, अळ्या टिपतात त्या कुजत्या पानांच्या थरातून. आपल्याकडे स्वच्छ अंगण म्हणजे खराट्याने उघडी केलेली जमीन, आणि हिवाळ्यात कोपऱ्यात पेटवलेला पानांचा ढीग. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणातल्या जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी परसाचा एक कोपरा न झाडता राहू द्यावा. झाडांना खत मिळते आणि पाहुण्यांची पंगत बसते.

आषाढातले पाहुणे

पाहुणे फक्त थंडीतच येतात असे नाही. मे-जूनमध्ये दक्षिणेकडून नवरंग येतो आणि वनविहार, केरवा, रातापानीच्या जंगलांत घरटे करतो. तोही पाचोळा उलथून किडे खाणारा. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, म्हणजे आपला स्वर्गीय नर्तक, उन्हाळ्यात सावलीच्या ओढ्याकाठी घरटे बांधतो. आणि पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून चातक येतो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० मध्ये दोन चातकांवर उपग्रह-यंत्रे बसवून त्यांच्या परतीच्या वाटेचा माग काढायचा प्रयत्न केला. चातकाला केसाळ सुरवंट आवडतात. शेवग्यावर सुरवंट दिसताच रॉकेलचा बोळा शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काय करावे, काय टाळावे

पाण्याचे परळ हे सगळ्यात सोपे साधन. भोपाळी बोलीत त्याला सकोरा म्हणतात. उथळ, खडबडीत तळाचे, दोन इंचांहून जास्त पाणी नसलेले. मधे एखादा दगड ठेवला की वटवट्याएवढा पक्षीही उतरून अंघोळ करू शकतो. पाणी रोज बदलावे, म्हणजे डास होत नाहीत. मांजर दबा धरू शकेल अशा झुडपाला लागून ठेवू नये. दाण्याकडे न फिरकणारे पक्षीही पाण्यावर येतात, म्हणून हिवाळ्यातला खरा पाहुणचार इथे दिसतो.

परस लहान असेल तर काटेसावर परवडत नाही; तिथे कढीपत्ता, तुती, करवंद, जास्वंद, अडुळसा लावावा. मावा दिसला की लगेच फवारा काढू नये, आठ दिवस वाट पाहावी. गच्चीवरचे झगमगीत दिवे रात्री मालवावेत. रात्री उडणाऱ्यांची त्याने दिशाभूल होते. संक्रांतीला नायलॉनचा मांजा वापरू नये आणि झाडात अडकलेला दोरा काढून घ्यावा.

आणि नोंद ठेवावी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सलीम अलींनी भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, धार या संस्थानांतल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले आणि ह्यू व्हिस्लर यांच्या टिपांसह ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्या काळी अशा कामाला संस्थानिकांची मदत आणि महिन्यांचा प्रवास लागे. आज फोन पुरतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने आणि ऑड्युबॉन संस्थेने १९९८ मध्ये परसातल्या पक्ष्यांची गणना सुरू केली. भारत २०१३ पासून तिच्यात भाग घेतो. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस ती चालते. किमान पंधरा मिनिटे एका जागी थांबायचे, दिसलेल्या-ऐकलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी करायची आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायची. अशाच लाखो याद्यांवरून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तयार होतो. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवे असे ठरले, आणि लांबून स्थलांतर करणाऱ्यांची घट जास्त असल्याचे दिसले.

यादी करताना एक पथ्य पाळावे. पक्षी न ओळखता आल्यास अंदाज ठोकू नये, आणि जे दिसले ते सगळे लिहावे, नुसते आवडते नव्हेत. पूर्ण यादीला मोल येते ते यामुळे, की तिच्यात जे नाही तेही वाचता येते. गेल्या वर्षी भिंतीवर थिरथिरा होता, यंदा दिवाळी झाली, थंडी पडली, तरी तो आला नाही; मधल्या काळात शेजारचा कडुलिंब गेला आणि परसात फरशी बसली. अशी नोंद लिहायला कोणाचा हात होत नाही. पण शहराला पुढे कामी येणार ती हीच, कारण पाहुणा का आला नाही हे विचारायला आधी तो यायचा हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते.